एका धाग्याचे कापड

२००३ च्या नोव्हेंबरमध्ये सुईवर घातलेले टाके मी या जानेवारीत बंद केले. मधे २२ वर्षे गेली. वस्तू म्हणाल तर साधीच, एक निळा मफलर. पण तो पूर्ण करताना मी जे वाचले आणि ज्यावर विचार केला, ते तुमच्यासमोर ठेवावेसे वाटले, म्हणून हा लेख.

तेव्हा मी बी.एड. करत होते. त्या काळी बी.एड. एका वर्षाचे असे आणि कार्यानुभवासाठी हाताने काहीतरी करून दाखवावे लागे. कुणी कागदाची फुले केली, कुणी मेणबत्त्या. मी मफलर घेतला, कारण शेजारच्या खालाजान विणकाम करायच्या आणि त्यांच्याकडून सुया उसन्या मिळणार होत्या. लोकरीचे चार गुंडे, दहा नंबरच्या सुया, ४० टाके. परीक्षेच्या दिवशी वीतभर तुकडा झाला होता. तो पाहून गुण मिळाले आणि पुढचे विणण्याची सक्ती संपली.

मफलर अब्बांसाठी होता. अब्बा मालेगावचे, सगळे आयुष्य यंत्रमागावर गेलेले. कारखान्यातल्या कापसाच्या धुळीने त्यांना हिवाळ्यात खोकला धरायचा. मी तो तुकडा त्यांना दाखवला तेव्हा त्यांनी तो दोन्ही हातांनी ताणला, उजेडात धरला आणि म्हणाले, "ये क्या बुन रही है बेटा? एक धागे का कपडा? एक सिरा खींचो तो सब उधड जाएगा." मी हिरमुसले. ते हसून म्हणाले, "बना तो सही. पहनूँगा."

मी हो म्हटले. मग नोकरी लागली, निकाह झाला, गाव बदलले, मुले झाली. तुकडा सुयांसकट एका पिशवीत आणि पिशवी माहेरच्या पेटीत. पहिली काही वर्षे थंडी पडली की अब्बा विचारायचे, "मेरा गुलूबंद कहाँ तक आया?" नंतर त्यांनी विचारणे बंद केले. त्यांनी विचारणे बंद केले तेव्हा मला बरे वाटले होते. आज त्याचीच लाज वाटते.

विणणे म्हणजे नक्की काय?

अब्बांचे बोलणे थट्टेचे होते, पण त्यात एका कारागिराची खरी शंका होती. मराठीत आपण साडीही विणतो, स्वेटरही विणतो, खाटही विणतो आणि टोपलीही विणतो. उर्दूतही 'बुनना' हा एकच शब्द सगळीकडे चालतो. शब्द एक असल्यामुळे आपल्याला वाटते की काम एकच. तसे ते नाही.

मागावर दोन प्रकारचे धागे लागतात. उभा ताणा आधी ताणून बांधायचा आणि मग धोट्यातला आडवा बाणा त्यातून खाली-वर न्यायचा. दोघे एकमेकांना धरून ठेवतात. म्हणून कापडाची एक तार तुटली तरी कापड टिकते. सुयांच्या विणकामात ताणाही नाही आणि बाणाही नाही. एकच लांब धागा असतो. त्याच्या फाशातून दुसरा फासा ओढायचा, त्यातून तिसरा. प्रत्येक टाका खालच्या टाक्याच्या आधाराने उभा असतो आणि वरच्या टाक्याने अडवलेला असतो. शेवटचा टाका बंद केला नाही तर सगळे उसवू शकते. अब्बा बरोबर होते.

पण हाच त्याचा गुणही आहे. फासे ताणले जातात आणि पुन्हा जागेवर येतात, म्हणून विणलेला मोजा टाचेच्या वळणावर बसतो. मागावरचे कापड असे बसत नाही, ते कापून शिवावे लागते. आणि उसवता येते म्हणूनच आपल्या आया मोठ्या मुलाचा आखूड झालेला स्वेटर उसवून, लोकर धुऊन, वाळवून धाकट्यासाठी नवा विणू शकत होत्या.

शब्दांचे निघालेच आहे तर वर्गातली एक गंमत सांगते. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठीही शिकवते. एकदा धड्यात 'बाहेर कडक ऊन पडले होते' असे वाक्य आले. एका मुलाने हात वर केला, "मॅडम, ऊन सख्त कैसे गिरेगा? वो तो नरम रहता." उर्दूत ऊन म्हणजे लोकर. वर्ग हसला, पण मी त्याला शाबासकी दिली. दोन भाषांमध्ये राहणाऱ्या मुलालाच असा प्रश्न पडू शकतो. मग मी फळ्यावर 'मोजा' लिहिला. पायमोजे, हातमोजे हे आपण अस्सल मराठी म्हणून वापरतो. तो फारसी 'मोज़ा'. 'रुमाल' फारसी, 'शाल' फारसी, आणि अब्बांचा 'गुलूबंद'ही फारसीच, गळ्याला बांधायचा तो. एका घराच्या कपाटात किती भाषा घड्या घालून ठेवलेल्या असतात!

दोन सोपी उत्तरे

दिवाळीच्या सुट्टीत माहेरी गेले तेव्हा पेटी उघडली. एका गुंड्याला कसर लागून त्याचा भुगा झाला होता. बाकीचे तीन शाबूत होते आणि सुयांवरचे ४० टाकेही जसेच्या तसे. पिशवी शाळेत घेऊन येऊ लागले आणि मधल्या सुट्टीत विणायला बसले. तेव्हा स्टाफरूममध्ये एक सहकारी सहज म्हणाल्या, "ही तर मडमांची कला. इंग्रजांबरोबर आलेली." त्याच आठवड्यात मोबाइलवर एक संदेश फिरत आला. जगाला विणकाम मुसलमानांनी शिकवले, आपला इतिहास लपवला गेला, हा संदेश दहा जणांना पाठवा.

एक उत्तर आपल्याला काहीच देत नाही आणि दुसरे सगळेच देऊन टाकते. दोन्ही सोपी आहेत. खरे काय ते पाहावे म्हणून मी वाचू लागले.

मिसरच्या कोरड्या मातीतले मोजे

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात मिसरमधून, म्हणजे इजिप्तमधून आलेले लाल लोकरीचे मोजे आहेत. ते इ.स. तिसऱ्या ते पाचव्या शतकांदरम्यानचे मानले जातात, म्हणजे इस्लामच्याही आधीचे. अंगठा आणि बाकीची बोटे यांच्यात फट ठेवलेली आहे, कारण ते चपलेत घालायचे होते. फोटो पाहिला तर कुणीही म्हणेल की हे सुयांवर विणलेले आहेत. पण तसे नाही. ते नेढे असलेल्या एकाच सुईने केलेले आहेत. धाग्याचा छोटा तुकडा घ्यायचा, प्रत्येक फाशातून तो अख्खा ओवून काढायचा, संपला की दुसरा जोडायचा. हे काम फार सावकाश होते, पण ते सहज उसवत नाही. ही पद्धत जगात अनेक ठिकाणी होती आणि ती आपल्या विणकामाची थोरली बहीण म्हणता येईल.

दोन सुया आणि अखंड धागा वापरून केलेल्या खऱ्या विणकामाचे आज माहीत असलेले सर्वांत जुने नमुनेही मिसरमध्येच सापडले. ते साधारण ११व्या ते १४व्या शतकांदरम्यानचे आहेत, म्हणजे फातिमी, अय्यूबी आणि ममलूक राजवटींच्या काळातले. बरेचसे मोजे किंवा मोज्यांचे तुकडे आहेत. सूती धागा, पांढरा आणि निळा असे दोन रंग, बोटांपासून वर पोटरीकडे विणत नेलेले. काहींवर पट्ट्यांमध्ये कूफी वळणाची अक्षरे आहेत. काहींत 'अल्लाह' हा शब्द ओळखू येतो. काहींत अक्षरांसारखी नुसती नक्षी आहे. विणणाऱ्याला कदाचित वाचता येत नव्हते, पण अक्षराची बरकत हवी होती.

या वस्तू ज्या मातीने जपल्या तिचे नाव फुस्तात. हजरत अम्र इब्नुल आस (रजि.) यांनी इ.स. ६४१ च्या सुमारास वसवलेले हे शहर आज कैरोचाच एक भाग आहे. ११६८ मध्ये ते जाळले गेले. नंतर त्याच्या ओसाड भागात कैरोचा कचरा पडत राहिला. पाऊस जवळजवळ नाही, माती कोरडी. त्यामुळे चिंध्याही शेकडो वर्षे टिकल्या.

आता आपल्या देशाचा धागा इथे कसा येतो ते पाहा. त्याच फुस्तातमध्ये गुजरातमध्ये छापलेल्या सूती कापडाचे असंख्य तुकडे मिळाले. ऑक्सफर्डच्या अॅशमोलियन संग्रहालयात त्यांचा मोठा संग्रह आहे. हिंदी महासागर ओलांडून आपले कापड तिकडे जात होते, मसाले जात होते आणि नीळही जात होती. संस्कृत 'नील' अरबीत 'अन्-नील' झाला आणि तिथून स्पॅनिशमध्ये 'अन्यिल'. आपला 'कर्पास' अरबी-फारसीत 'किरबास' झाला. आणि अरबी 'कुत्न'पासून इंग्रजांचा 'कॉटन' आला. मिसरच्या त्या निळ्या मोज्यांतला प्रत्येक धागा हिंदुस्तानी होता असे मी म्हणणार नाही. पण सूत आणि निळीची ती दुनिया आपल्याशी जोडलेली होती, हे नक्की.

मोज्यांचा विषय आपल्या मदरशांतही शतकानुशतके शिकवला जातो, फक्त आपण त्याकडे विणकामाचा इतिहास म्हणून पाहत नाही. वुजू करताना चामड्याच्या मोज्यांवर मसह करण्याची रुखसत हजरत मुगीरा बिन शुअबा (रजि.) यांच्या रिवायतीतून येते. मग फुकहांसमोर प्रश्न आला 'जौरब'चा, म्हणजे चामड्याच्या नसलेल्या मोज्यांचा. उर्दूतला 'जुराब' तो हाच. हनफी आलिमांनी अटी सांगितल्या: मोजा इतका जाड हवा की न बांधता पायावर उभा राहील, तो घालून चालता येईल आणि पाणी लगेच आत झिरपणार नाही. ज्या समाजाचे विद्वान मोज्याच्या जाडीवर इतक्या बारकाईने बोलतात, त्या समाजात मोजे नाना प्रकारचे असणार, हे उघड आहे. अर्थात त्या काळचा प्रत्येक जौरब सुयांवर विणलेला होता असे नाही. तो शिवलेलाही असेल किंवा एका सुईचाही असेल.

शहजाद्याच्या डोक्याखालची 'बरका'

मला सर्वांत जास्त थांबवले ते स्पेनमधल्या एका उशीने. बुर्गोस शहराजवळ लास उएल्गास नावाचा ख्रिस्ती जोगिणींचा मठ आहे. तिथे कास्तीलच्या राजघराण्याच्या कबरी आहेत. १९४० च्या दशकात त्या उघडून तपासल्या गेल्या. त्यांतल्या एका कबरीत फर्नांदो दे ला सेर्दा हा युवराज होता. राजा दहावा अल्फोन्सो याचा थोरला मुलगा, १२७५ मध्ये वारलेला. त्याच्या डोक्याखाली रेशमाने विणलेल्या अभ्र्याची उशी होती. एका इंचात सुमारे २० टाके. माझ्या मफलरमध्ये इंचाला पाच आहेत, त्यावरून अंदाज करा. अभ्र्यावर राजघराण्याला शोभेल अशी नक्षी आणि कडेने कूफी लिपीत पुन्हा पुन्हा विणलेला एक अरबी शब्द, 'बरका'. म्हणजे आपली बरकत.

हा युवराज मेला कधी? मोरोक्कोच्या मरीनी सुलतानाची फौज समुद्र ओलांडून आली होती. वडील परदेशी होते, म्हणून तिचा सामना करायला हा निघाला आणि वाटेतच मरण पावला. मुसलमान फौजेशी लढायला निघालेला ख्रिस्ती शहजादा अरबी दुआ कोरलेल्या उशीवर डोके ठेवून दफन झाला. ती उशी विणणारे हात मुसलमान कारागिराचे असावेत असे अभ्यासक मानतात. कास्तीलच्या राज्यात असे कितीतरी मुसलमान कारागीर राहत होते.

यावर "बघा, त्यांना आमच्याशिवाय चालत नव्हते" असे म्हणून खूश होता येईल. मला वेगळेच वाटले. त्या कारागिराचे नाव कुणाला माहीत नाही. त्याच्या किंवा तिच्या जमातीचे लोक सीमेपलीकडे लढत होते आणि मालक याच बाजूला होता. तरीही हाताने इंचाला २० टाके घातले आणि कडेला बरकत लिहिली. शत्रूच्या मुलासाठी? की मजुरी देणाऱ्यासाठी? की फक्त काम चोख व्हावे म्हणून? आज आपल्या आसपास कुणासाठी मूर्ती घडवणारे, कुणाच्या मिरवणुकीचे कपडे शिवणारे, कुणाच्या लग्नाचे शालू विणणारे मुसलमान कारागीर पाहिले की मला ती उशी आठवते.

मोज्यांचा माग आणि मागावरचे आम्ही

पुढे युरोपात विणकाम पसरले. जर्मनीत साधारण इ.स. १४०० च्या सुमाराला चितारी मास्टर बर्ट्राम याने एक चित्र काढले. त्यात हजरत मरियम चार सुयांवर बाळाचा सदरा विणत आहेत. म्हणजे तोवर हे काम तिथल्या घरांत ओळखीचे झाले होते. १५६२ मध्ये वारलेल्या एलेओनोरा या फ्लॉरेन्सच्या सरदारणीच्या रेशमी मोज्यांवर उलट टाक्यांची सुंदर नक्षी आहे. आपण शिकताना जे 'एक सुलट, एक उलट' घोकतो, त्यातल्या उलट टाक्याच्या नक्षीचे हे जुने ठळक उदाहरण. आणि हे फक्त बायकांचे काम नव्हते. युरोपातल्या शहरांत मोजे विणणाऱ्या पुरुषांचे संघ होते, शागिर्दी होती, परीक्षा होत्या. आपल्याकडे एखादा मुलगा सुया घेऊन बसला की त्याला हसतात. माझ्या धाकट्यालाही हसले. त्याला मी हे सांगितले. आणि हेही सांगितले की प्यारे नबी (स.) स्वतःच्या चपला आणि कपडे स्वतः सांधत असत.

१५८९ मध्ये इंग्लंडच्या नॉटिंगहॅमशायरमधल्या विल्यम ली याने मोजे विणणारे यंत्र बनवले. राणी एलिझाबेथने त्याला हक्कपत्र दिले नाही. हाताने विणणाऱ्या गरिबांची रोजी जाईल अशी तिला काळजी होती, असे परंपरेने सांगतात. ली फ्रान्सला गेला आणि तिथेच मेला. पण यंत्र थांबले नाही. दोनशे वर्षांनी त्याच यंत्रावर हजारो कुटुंबे जगत होती आणि मग त्यांचीही मजुरी पडू लागली. मालक रुंद कापड विणून, ते कापून, शिवून हलके मोजे बाजारात आणू लागले. १८११ मध्ये नॉटिंगहॅमशायरच्या कारागिरांनी रात्री यंत्रे फोडायला सुरुवात केली. त्यांनाच इतिहास 'लुडाइट' म्हणतो. १८१२ मध्ये यंत्र फोडणाऱ्याला फाशी असा कायदा आला. कवी बायरनने उमरावांच्या सभागृहात त्या कायद्याविरुद्ध भाषण केले, पण उपयोग झाला नाही.

बी.एड.ला इतिहासाच्या पाठात मी लुडाइटांना 'प्रगतीचे विरोधक' असे शिकवले होते. तेव्हा पाठ्यपुस्तकाच्या बाहेर पाहण्याची अक्कल नव्हती. आता वाचताना माझे आजोबा आठवले. १८५७ नंतरच्या धामधुमीत उत्तर हिंदुस्तानातून निघालेली मोमीन विणकरांची घराणी मालेगाव, भिवंडीला येऊन वसली. त्यांतलेच आम्ही. दादा खड्ड्याच्या मागावर बसत. पायाने पावडी, हाताने धोटा. मग यंत्रमाग आले. दादांनी यंत्र फोडले नाही. त्यांनी माग विकला आणि मुलाला यंत्रमागावर मजुरीला पाठवले. तो मुलगा म्हणजे अब्बा. आज त्या यंत्रमागांनाही त्याहून वेगवान माग मागे टाकत आहेत. अब्बांनी माझ्या 'एका धाग्याच्या कापडा'ला नाक मुरडले, तेव्हा त्या बोलण्यामागे हे सगळे होते, हे मला २२ वर्षांनी कळले.

आपल्याकडे सुया कशा आल्या?

स्टाफरूममधल्या बाईंचे म्हणणे अर्धे खरे आहे. महाराष्ट्रात लोकर होती, पण ती धनगरांच्या मेंढ्यांची आणि तिची घोंगडी मागावर व्हायची. घरोघरी सुयांवर विणायची रीत वाढली ती बरीचशी १९व्या शतकात, मिशनऱ्यांच्या मुलींच्या शाळांतून आणि इंग्रजांच्या सहवासातून. तिच्यासोबत कपड्यांची नावेही आली. 'कार्डिगन' हे क्रिमियाच्या लढाईतल्या एका इंग्रज सरदाराचे नाव. आपण जिला माकडटोपी म्हणतो तिचे इंग्रजी नाव 'बालाक्लाव्हा' हे १८५४ च्या त्याच लढाईच्या गावाचे. पुढे मराठी बायकांच्या मासिकांत विणकामाचे नमुने छापून येऊ लागले आणि ही 'मडमांची कला' आजीची कला झाली.

पण लोकर कुठून आली तेही पाहा. माझे गुंडे लुधियानाचे. १८३३ च्या दुष्काळात काश्मीर सोडून निघालेले शालवाले विणकर लुधियाना आणि अमृतसरला वसले. ते मुसलमान होते आणि मागावर शाली विणत. लुधियानाला लोकरीचे गाव म्हणून पहिली ओळख मिळाली ती या स्थलांतरित हातांमुळे. होजिअरी नंतर आली. १९४७ ला पंजाबातले बहुसंख्य मुसलमान कारागीर सरहद्दीपलीकडे गेले, पण लोकर लुधियानातच राहिली. आणि आज आमच्या भागात थंडी पडली की स्वेटरांचा बाजार मांडतात ते तिबेटी लोक, तेही १९५९ नंतर आपला मुलूख सोडून आलेले. माझी नवी निळी लोकर मी त्याच बाजाराजवळच्या दुकानातून घेतली. या कलेच्या वाटेवर घर सोडलेले लोक फार आहेत.

मग खरे काय?

मोबाइलवरच्या त्या संदेशाला मी उत्तर लिहिले. ज्यांचे पुरावे आज हातात आहेत, ते सर्वांत जुने खरे विणकाम मुस्लिम राजवटीतल्या मिसरचे आहे, हे खरे. स्पेनमध्ये मुसलमान हातांनी फार उच्च दर्जाचे काम केले, हेही खरे. पण 'सर्वांत जुने सापडले' आणि 'तिथेच शोध लागला' यांत फरक आहे. मिसरची माती कोरडी म्हणून मोजे टिकले. जिथे पाऊस पडतो तिथले कुजले. आणि मिसरमध्ये राहणारे सगळे मुसलमान नव्हते, तिथे किब्ती ख्रिस्ती आणि यहुदीही होते. कुठल्या हातांनी पहिला फासा दुसऱ्या फाशातून ओढला, हे कापड सांगत नाही.

उत्तरावर दोघे रागावले. एकाने विचारले, "आपल्याच लोकांचे पाय का ओढता?" मला तसे वाटत नाही. आपल्या नावावर खोटा दावा लागला की उद्या कुणीतरी तो खोडतो आणि त्यासोबत आपले खरेही वाहून जाते. जे खरे आहे ते कमी नाही. निनावी माणसांनी सूत, नीळ, अक्षरे आणि दुआ एका मोज्यात विणली आणि ती हजार मैल लांब पोहोचली. एवढे पुरेसे आहे.

शेवटची ओळ

कुरआनात सूरह नहलमध्ये एक दाखला आहे. त्या बाईसारखे होऊ नका जिने मेहनतीने कातलेले सूत पक्के झाल्यावर स्वतःच तोडून टाकले, अशा अर्थाचा. तिथे विषय आहे दिलेल्या वचनाचा. मी ही आयत वर्गात कितीदा समजावली असेल, पण यंदाच ती माझ्यापाशी येऊन बसली. मी सूत तोडले नव्हते, नुसते पेटीत ठेवले होते. पण वचन पेटीत ठेवणे हेही एक प्रकारे तोडणेच.

विणताना मी चुकले तेव्हा उसवलेही. एकदा १२ ओळी उसवल्या. ते उसवणे वेगळे, ते पुढे जाण्यासाठी होते. जुने तीन गुंडे संपले तेव्हा नवी लोकर जोडली. रंग जमेना. २२ वर्षांपूर्वीची ती छटा आता कुठे मिळणार? जोड मी कडेला लपवला, टोके सुईने आत ओवली आणि जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी शेवटचा टाका बंद केला.

अब्बांना आता काचबिंदूमुळे फारसे दिसत नाही. मी मफलर त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो गळ्यात घातला नाही. आधी मांडीवर पसरला आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अंगठ्याने चाचपत गेले, कारखान्यात थान तपासायचे तसे. मध्यावर थांबले.

"यहाँ से दूसरा धागा है ना?"

मी म्हटले, "जी अब्बा. रंग नहीं मिला. मैंने छुपाया था."

"छुपाया क्यूँ? माग पे दिन में सौ बार तार टूटती थी. जोड के आगे चलते थे. जो नहीं जोडता था, उसका थान खराब जाता था."

मग त्यांनी मफलर गळ्याभोवती दोन वेढे देऊन बसवला आणि सवयीने टोक हलकेच ओढून पाहिले. काही उसवले नाही.

"लंबा हो गया," ते म्हणाले, "मगर गरम है."

तुमच्या घरीही कारागीर म्हातारे असतील. विणकर, रंगारी, शिंपी, चामड्याचे काम करणारे. त्यांच्या हत्यारांची नावे त्यांना विचारून लिहून ठेवा. कोणता माग कधी विकला, गाव कधी सोडले, ते विचारा. पुस्तकात ते सापडणार नाही. आणि त्यांना काही द्यायचे कबूल केले असेल तर यंदाच्या थंडीतच देऊन टाका. अल्लाह आपल्याला वचन पाळण्याची तौफीक देवो. आमीन.